अपडेट आला, डेटा गेला

पालकसभेत पूर्वी अक्षराच्या आणि पाढ्यांच्या तक्रारी यायच्या. हल्ली त्यांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. "टीचर, दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. मोबाइल तर चार्जिंगला होता, पोराच्या हातातही नव्हता. मग गेला कुठे?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. बहुतेक वेळा उत्तर एकच निघते. फोन भिंतीला टेकून शांत पडलेला असताना गेमने आपला अपडेट उतरवून घेतलेला असतो.

गेम खेळावेत की नाहीत, आणि किती खेळावेत, हा वेगळा विषय आहे. त्यावर आपल्या घराघरांत बोलणे चालूच असते. ज्या घरात गेम आहे आणि इंटरनेट मोजूनमापून वापरावे लागते, त्या घरात काय करता येईल, एवढेच येथे पाहू. कारण एका मुलाचा गेम अपडेट होतो तेव्हा त्याची किंमत फक्त तो मोजत नाही. बहिणीचा ऑनलाइन तास अडकतो, प्रवेशाचा फॉर्म अर्ध्यावर थांबतो, आणि आखातात असलेल्या अब्बांचा चेहरा व्हिडिओ कॉलवर दगडासारखा गोठून बसतो.

आमचे बोळिंज २००९ पासून वसई-विरार महापालिकेत आहे. कागदावर आम्ही शहरातले. म्हाडाच्या उंच इमारतींत फायबरची जोडणी मिळते, पण जुन्या गावठाणात आणि आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांत कित्येक घरे अजून मोबाइलच्या डेटावरच चालतात. जाड भिंतीच्या जुन्या घरात नेटवर्कची एखादीच दांडी दिसते, ओटीवर आलात तर तीन. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे गेलात तर ओटीवर येऊनही भागत नाही, टेकडी चढावी लागते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पण पंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली तार घरातल्या फोनपर्यंत येणे ही पुढची गोष्ट आहे.

आधी थोडे गणित करू. नववीच्या वर्गात हे गणित घातले की एरवी मागच्या बाकावर झोपणारेही वही उघडतात. इंटरनेटचा वेग कंपन्या बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये मोजला जातो. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १० एमबीपीएसची लाइन सेकंदाला दहा नव्हे, सव्वा एमबीच उतरवते. या वेगाने एक जीबीला साधारण १३-१४ मिनिटे लागतात. ऐकायला ठीक वाटते. पण संगणकावरचा ५० जीबीचा गेम याच लाइनवर घ्यायचा तर ११ तास, आणि तेही तेवढा वेळ घरात दुसऱ्या कोणीही काही पाहिले नाही तर.

आता मोबाइलचा प्लॅन घ्या. दिवसाला दीड किंवा दोन जीबी. तो संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. "नेट चालू आहे, फक्त स्लो आहे," असे मुले म्हणतात. ६४ भागिले आठ, म्हणजे सेकंदाला ८ केबी. या वेगाने एक जीबी उतरवायला जवळपास ३५ तास लागतील. दीड दिवस! तोपर्यंत दुसऱ्या दिवसाचा डेटा सुरू होतो आणि अर्धवट राहिलेला अपडेट तोही गिळून टाकतो. हे गणित फळ्यावर पूर्ण झाले की वर्गात जी शांतता पसरते ती मला आवडते.

हे अपडेट एवढे मोठे का असतात? आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते. कॅसेट खाचेत बसवली की खेळ सुरू. त्यातल्या प्रसिद्ध सुपर मारिओचा अख्खा गेम ४० केबीचा होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा "जुम्मा मुबारक"चा फोटोही त्याहून मोठा असतो. पुढे सीडी आल्या. गेममध्ये चूक राहिली तर दुरुस्तीची छोटी फाइल निघे, तिला पॅच म्हणत. डिजिट, चिप अशा संगणकविषयक मासिकांबरोबर सीडी यायची, तिच्यात गेमचे नमुने आणि असे पॅच मिळत. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्यालाही दुरुस्ती पोहोचायची, पोस्टाने किंवा स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडून.

२००३ मध्ये स्टीम हे दुकान संगणकावर आले आणि रीत पालटली. गेम इंटरनेटवरूनच विकायचा, दुरुस्तीही इंटरनेटवरूनच पाठवायची. कंपन्यांची सोय झाली. नंतर नंतर तर गेम अर्धाकच्चा बाजारात आणून मग दुरुस्त करत बसण्याची सवय लागली, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय चित्रे अधिकाधिक बारकाईची झाली. आणि गेमच्या फाइली मोठमोठ्या गाठोड्यांत बांधलेल्या असतात. आतली एक वस्तू बदलली तरी पुष्कळदा अख्खे गाठोडेच नव्याने पाठवले जाते.

याचे एक बोलके उदाहरण आहे. हेलडायव्हर्स २ नावाचा गेम संगणकावर सुमारे दीडशे जीबी जागा घेत होता. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर वाचनाला वेळ लागू नये म्हणून त्यात तीच चित्रे अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवली होती. २०२५ च्या अखेरीस कंपनीने ही नक्कल काढून टाकली आणि गेम सुमारे २३ जीबीवर आला. खेळ तोच, चित्रे तीच. म्हणजे जवळपास सव्वाशे जीबी नुसतीच पुनरावृत्ती! ज्याच्याकडे मोजका डेटा आहे त्याने हा आकडा वाचून काय म्हणावे?

सगळ्यांनीच असे केले असे नाही. गुगलने २०१६ मध्ये अँड्रॉइडच्या अ‍ॅपसाठी अशी पद्धत आणली की अख्खे अ‍ॅप न पाठवता जुन्या आणि नव्यातला फरकच पाठवायचा. त्यामुळे अपडेट पूर्ण अ‍ॅपच्या तुलनेत सरासरी ६५ टक्क्यांनी लहान होतो, असे गुगलने तेव्हा सांगितले होते. भारतासारख्या देशांत त्याचा उपयोग झालाच. पण मोठे गेम आपले नकाशे, कपडे, आवाज प्ले स्टोअरमधून आणत नाहीत. गेम उघडल्यावर ते आतल्या आत उतरवले जातात. म्हणून प्ले स्टोअरला कुलूप लावले तरी मागचा दरवाजा उघडाच राहतो, हे आयांनी लक्षात ठेवावे.

तर करायचे काय? पहिले काम फोनचे. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात आपल्या खात्याचे चित्र असते. ते दाबून सेटिंग्जमध्ये जा, तेथे नेटवर्कच्या पर्यायांत अ‍ॅप आपोआप अपडेट होऊ द्यायचे की नाही हे ठरवता येते. "फक्त वाय-फायवर" किंवा "आपोआप नको" यांपैकी एक निवडा. सगळेच बंद करू नका, बँकेचे आणि पैसे पाठवायचे अ‍ॅप वेळेवर अपडेट झालेले बरे. त्यासाठी नुसत्या गेमच्या पानावर जाऊन तीन टिंबे दाबली की त्या एकाच गेमचा आपोआप अपडेट थांबवता येतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराच्या ठिकाणी कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला याची यादीच मिळते. घरात भांडण सुरू होण्याआधी ती यादी पाहावी. कधी कधी चोर गेम नसतो, भाईजानची क्रिकेटची क्लिप असते.

दुसरे, हॉटस्पॉट. अब्बांच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून मुलगा लॅपटॉप जोडतो. लॅपटॉपला वाटते, आपण वाय-फायवर आहोत, आता मनसोक्त घ्या. विंडोजचा अपडेट, गेमचा अपडेट, सगळे एकदम सुरू होते आणि तासाभरात दिवसाचा डेटा संपतो. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या माहितीत "मीटर्ड कनेक्शन" असा एक खटका असतो. तो एकदा चालू केला की विंडोज हात आखडता घेते. फोनमध्येही एखादे वाय-फाय मीटर्ड समजावे असे सांगता येते. हा खटका आमच्या शिक्षकखोलीतही अनेकांना ठाऊक नव्हता, आणि तेथे तर संगणक शिकवणारेही बसतात.

गेमच्या आत काय उतरवायचे हेही पाहावे. बीजीएमआयसारख्या गेममध्ये नकाशे आणि जास्त स्पष्ट चित्रांची पाकिटे वेगवेगळी घेता येतात, नको ती काढूनही टाकता येतात. मुलगा एकाच नकाशावर खेळत असेल तर बाकीचे कशाला? यात डेटाही वाचतो आणि फोनमधली जागाही. जागा नसेल तर अपडेट अर्ध्यावर अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची वेळ येते, म्हणून आधी जागा मोकळी करावी.

रात्रीची युक्ती जुनी आहे. बीएसएनएलने २००५ मध्ये ब्रॉडबँड आणले, त्यानंतरच्या काही प्लॅनमध्ये दिवसाचा वापर मोजला जायचा आणि रात्री २ ते सकाळी ८ पर्यंत मोजणी नसायची. ज्यांच्या घरी शून्य-दोन-पन्नासचा टेलिफोन आणि मोडेम होता, ती मुले रात्री दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करत आणि फजरला उठलेल्या वडिलांनी मोडेमचा लुकलुकणारा दिवा पाहिला की सकाळी चौकशी होई. आज वोडाफोन-आयडियाच्या काही प्लॅनमध्ये रात्री १२ ते ६ असा मोकळा डेटा मिळतो आणि आठवड्यात उरलेला शनिवार-रविवारी वापरता येतो. इतर कंपन्यांच्या रोजच्या डेटाची मोजणी मध्यरात्री नव्याने सुरू होते. म्हणून शहाणी मुले शनिवारी रात्री अकरा वाजता दिवसाचा उरलेला डेटा अपडेटला लावतात आणि बारानंतर दुसऱ्या दिवसाचा. दोन दिवसांचा मिळून एक अपडेट पुरा होतो. रविवारी सकाळी डेटा नसतो, पण शाळाही नसते. अर्थात अपडेटसाठी मुलाने जागत बसायचे नाही. फोन चार्जिंगला लावून त्याने झोपायचे, ही अट घरातल्या मोठ्यांनी घालायची.

संगणकावर तर जागे राहण्याची गरजच नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडच्या पानावर अपडेट कोणत्या वेळेत घ्यावेत हे ठरवता येते, वेगाला मर्यादाही घालता येते. प्रत्येक गेमसाठी "उघडला तरच अपडेट कर" असेही सांगता येते. दहा गेम साठवून त्यांतले दोनच खेळणाऱ्यांसाठी हा पर्याय फार कामाचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे सगळे जग घरी बसले तेव्हा कंपन्यांनीही हेच केले. सोनीने युरोपात प्लेस्टेशनच्या डाउनलोडचा वेग कमी केला. स्टीमने जे गेम गेल्या तीन दिवसांत खेळले गेले तेवढेच लगेच अपडेट करायचे आणि बाकीचे पुढच्या दिवसांत गर्दी नसलेल्या वेळी करायचे ठरवले. त्यांना जे शहाणपण सुचले ते आपल्या घरच्या राउटरला लागू करायला काय हरकत आहे?

वेगाच्या मर्यादेबद्दल थोडे जास्त सांगते, कारण आमच्याकडे खरा प्रश्न तेथेच आहे. एका विद्यार्थ्याच्या अम्मी म्हणाल्या, "टीचर, त्याचे अब्बा कुवेतला असतात. ड्यूटीवरून रूमवर येईपर्यंत तिकडे रात्रीचे दहा वाजतात. मुलांना बघायची तीच एक वेळ. आणि नेमका तेव्हाच कॉल तुटतो." कुवेत आणि सौदीचे घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे आहे. तिकडचे दहा म्हणजे इकडचे साडेबारा. मुलाने अपडेट कधी लावला होता? बारा वाजता, नवा डेटा सुरू झाल्याबरोबर. त्याने कोणाचे वाईट चिंतले नव्हते, उलट रात्री कोणी वापरत नाही असे समजून शहाणपणच केले होते. पण बोळिंज काय, सोपारा काय, आखातात माणूस असलेल्या घरात मध्यरात्र मोकळी नसते.

कॉल का तुटतो तेही समजून घ्या. डाउनलोड जेव्हा लाइनचा पूर्ण वेग ओढतो तेव्हा राउटरपाशी रांग लागते. विरार स्टेशनच्या पुलावर संध्याकाळची लोकल रिकामी झाल्यावर एखाद्याला उलट दिशेने गाडी पकडायची असेल तर त्याचे जे होते, तेच कॉलच्या आवाजाचे होते. आवाजाला जागा फारच थोडी लागते, पण त्याला वेळेवर पोहोचायचे असते. गेमची फाइल दोन मिनिटे उशिरा आली तर बिघडत नाही, "अस्सलामु अलैकुम" मात्र दोन सेकंद उशिरा आले की दोन्हीकडची माणसे एकदम बोलू लागतात. म्हणून डाउनलोडला लाइनच्या पाऊण भागाहून जास्त वेग देऊ नये. २० एमबीपीएसची लाइन असेल तर १४-१५ पुरे. स्टीममध्ये आकडा घालताना तो बिटमध्ये आहे की बाइटमध्ये हे पाहावे, नाहीतर आठपटीचा घोळ होतो. त्या घरात शेवटी अपडेटची वेळ रात्री दीडपासून फजरपर्यंत ठरली. साडेबारा ते दीड लाइन अब्बांची.

एकदाच उतरवून वाटून घेणे हा आणखी एक मार्ग, आणि मला तो सर्वांत आवडतो. एकाच घरात किंवा एकाच वाडीत चार चुलत-मावस भावंडे तोच गेम खेळतात आणि चौघे चार वेळा तोच अपडेट उतरवतात. स्टीमने २०२३ मध्ये अशी सोय आणली की एका संगणकावर अपडेट झालेला गेम त्याच राउटरवरच्या दुसऱ्या संगणकाला थेट देता येतो, इंटरनेटचा डेटा जवळपास लागत नाही. सेटिंग्जमध्ये मित्रांच्या संगणकांना परवानगी द्यावी लागते, एवढेच. राउटर नसेल तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेमचा फोल्डर न्यायचा, स्टीम तो तपासते आणि कमी असेल तेवढेच मागवते. फोनमध्ये पूर्वी प्ले स्टोअरमधूनच जवळच्या फोनला अ‍ॅप पाठवता यायचे. आतले नकाशे त्यात येत नसत, तरी मूळ अ‍ॅपचा भार वाचायचा. ईदला सगळे एका घरी जमतात तेव्हा मुले कोपऱ्यात बसून हेच करताना मी पाहिली आहेत. मोठ्यांना वाटते खेळतायत.

मात्र "लहान आकाराचा गेम" म्हणून कोणी लिंक पाठवली तर ती उघडू देऊ नका. ५० जीबीचा गेम ५०० एमबीत, असल्या जाहिरातींतून फाइलबरोबर दुसरेच काही फोनमध्ये शिरते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला तोही दुकानांतून नाहीसा झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. मधल्या काळात मुलांनी कुठून कुठून फाइली आणल्या, याची गणती नाही. ज्या फोनमध्ये अशी फाइल आहे त्याच फोनवर अम्मीचे बँकेचे ओटीपी येतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, तास-दोन तासांचा उशीरही महाग पडतो. आणि गेम पैसे लावून खेळायला सांगत असेल, तर तो आपल्या दीनमध्ये नाहीच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या देशाच्या कायद्यातही नाही.

शेजारच्यांचे वाय-फाय हा नाजूक विषय. इमारतीच्या जिन्यात बसून कोणाच्या तरी जोडणीवर अपडेट घेणारी मुले मी पाहते. पासवर्ड त्यांना त्या घरातल्या मुलानेच दिलेला असतो, घरच्यांना पत्ताही नसतो. अब्बांनी किंवा चाचांनी एकदा जाऊन रीतसर विचारावे. बहुतेक घरे हो म्हणतात, विशेषतः रात्रीच्या वेळेला.

पावसाळ्याचे मात्र काही खरे नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात गेले, गाड्या बंद, वीज बंद, तेव्हा कसला अपडेट आणि कसला गेम. एरवीही जून ते सप्टेंबर वीज ये-जा करते आणि राउटर दर वेळी नव्याने उठतो. राउटरपुरता छोटा बॅटरी बॅकअप बाजारात मिळतो, तो घेतला तर डाउनलोड तुटत नाही आणि मुलीचा ऑनलाइन तासही वाचतो. ज्यांना संगणकावर इंटरनेटशिवाय खेळायचे असेल त्यांनी पावसाआधी गेम अपडेट करून, एकदा उघडून पाहून, मग स्टीम ऑफलाइन करावे.

बीजीएमआयचा मोठा अपडेट साधारण दोन महिन्यांनी येतो आणि त्याची तारीख आधी जाहीर होते. पहिल्या दिवशी सगळा देश एकदम तुटून पडतो, दोन-तीन दिवस थांबले तर तीच फाइल निवांत उतरते. वर्गातल्या मुलांना मी सांगितले आहे की ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर विजेच्या बिलाच्या आणि गॅसच्या नंबराच्या शेजारी लिहा, आणि समोर कंसात किती जीबी तेही लिहा. मग त्या आठवड्यात बहिणीची परीक्षा आहे का, फॉर्मची शेवटची तारीख आहे का, हे अम्मीला एका नजरेत दिसते. दोन घरांत ते लिहिले गेले आहे. एका घरात त्याच्यापुढे धाकट्या बहिणीने लाल पेनाने फुली मारली आहे. तिची स्कॉलरशिपची परीक्षा त्याच रविवारी आहे.